नाशिकच्या द्राक्षाला थंडी कुठून मिळते?

प्रश्न : मी उरणजवळ मोऱ्याला राहतो. जानेवारी उजाडला की न्हावा शेव्याकडे जाणाऱ्या रस्त्यांवर नाशिकच्या द्राक्षांचे वातानुकूलित कंटेनर रांगेने दिसू लागतात. उत्तम वाइन थंड हवेच्या डोंगराळ मुलखात होते, असे मी वाचले आहे. नाशिकची ओळखही तशीच करून दिली जाते. पण मार्चमध्ये नाशिकला गेलेला माणूस उन्हाने हैराण होऊन परत येतो, हे आम्ही पाहतो. मग ही थंडी खरी कोणती? थंडी आणि डोंगरच हवा असेल तर महाबळेश्वरला द्राक्षे का लावत नाहीत? आमच्या द्रोणागिरीच्या उतारावर का होत नाहीत? आम्ही नवरा-बायको दोघेही साठीच्या पुढचे आहोत. मी क्वचित चव घेतो, ही अजिबात घेत नाही. आम्ही जावे का, कधी जावे आणि काय पाहावे? उरणचा वाइनशी काही जुना संबंध असेल तर तोही सांगावा.
— एक वाचक, मोरा (उरण)

उत्तर : पहिल्या शंकेचे उत्तर आधी देतो. वाइनच्या जगात ज्याला थंड प्रदेश म्हणतात, त्यात नाशिक बसत नाही. ग्रेगरी जोन्स या अमेरिकन हवामानतज्ज्ञाची वर्गवारी यासाठी बरीच वापरली जाते. वेलीच्या वाढीच्या हंगामाचे सरासरी तापमान १३ ते १५ अंश असेल तर प्रदेश थंड, १५ ते १७ असेल तर मध्यम, १७ ते १९ असेल तर उबदार आणि त्यापुढे उष्ण. जर्मनीतले मोझेलचे खोरे, फ्रान्समधला शँपेन, ऑस्ट्रेलियाचे टास्मानिया बेट ही थंड प्रदेशांची ठळक उदाहरणे. नाशिकला ऑक्टोबर ते मार्च हा वर्षातला सर्वांत सुखाचा काळ धरला, तरी सरासरी २० अंशांच्या वरच राहते. कागदावर नाशिक उष्ण प्रदेशात मोडते आणि तुमच्या परतलेल्या पाहुण्यांचे म्हणणे खरे आहे.

उंचीचे म्हणाल तर नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स राज्यात ऑरेंज नावाचा वाइन प्रदेश आहे. माउंट कॅनोबोलस या जुन्या ज्वालामुखीच्या अंगाखांद्यावर तो पसरलेला आहे. त्याची अधिकृत हद्द आखताना त्यांनी ६०० मीटरची समोच्च रेषाच धरली. त्या रेषेच्या वर पिकलेल्या द्राक्षालाच ऑरेंजचे नाव लावता येते. म्हणजे त्यांची हद्द जिथे सुरू होते, साधारण त्याच उंचीवर आपले नाशिक आहे. पण ऑरेंज विषुववृत्तापासून ३३ अंश दूर आहे आणि नाशिक अवघे २० अंश. हजार मीटर चढल्यावर हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते, या हिशेबाने नाशिकला उंचीमुळे मिळणारी सूट चार अंशांची. उरणच्या तुलनेत ती जाणवते खरी, पण तेवढ्याने थंड प्रदेश होत नाही.

विषुववृत्ताच्या जवळ राहून केवळ उंचीच्या जोरावर थंडी मिळवायची तर किती चढावे लागते, याचे उत्तर अर्जेंटिनाच्या उत्तर टोकाला साल्टा प्रांतात मिळते. तिथल्या काफायातेच्या बागा १,७०० मीटरच्या आसपास आहेत आणि त्याच प्रांतातली कोलोमे कंपनीची एक बाग तर ३,१११ मीटरवर आहे. महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईच्या देवळाशेजारी वेल लावला तरी आपण काफायातेची बरोबरी करू शकत नाही. उंचीची ही वाट आपल्याला मुळातच बंद आहे.

नाशिकच्या शेतकऱ्याने दुसरी वाट काढली. युरोपात वेल हिवाळ्यात झोपतो, मार्च-एप्रिलमध्ये फुटतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये त्याची तोडणी होते. छाटणी वर्षातून एकदाच, झोपेच्या काळात. आपल्याकडे वेलीला झोप येईल एवढी थंडी पडतच नाही. मोकळा सोडला तर तो वर्षभर वाढत राहील. म्हणून इथे माणूस वेलीचे वर्ष ठरवतो. एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी होते. सगळ्या काड्या एकेका डोळ्यापर्यंत खाली छाटतात, त्यातून नव्या काड्या वाढतात आणि उन्हाळ्याच्या लख्ख प्रकाशात त्या काड्यांच्या डोळ्यांमध्ये पुढच्या घडांची बीजे तयार होतात. शेतकरी याला सूक्ष्म घडनिर्मिती म्हणतात. तिच्या काळात आभाळ भरून राहिले की पुढचे सगळे वर्ष वांझ जाण्याची भीती असते. त्यानंतर पावसाळा वेलीने नुसता पानांवर काढायचा, त्यात फळ घ्यायचे नाही. मग सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दुसरी, गोडी छाटणी. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीवर हायड्रोजन सायनामाईडची पेस्ट लावतात. इथून खरा हंगाम सुरू होतो आणि साडेचार-पाच महिन्यांत घड तोडणीला येतो.

फुटवा, फुलोरा, मणी धरणे आणि मण्याची वाढ हे सगळे त्यामुळे नोव्हेंबर ते जानेवारीच्या कोरड्या, थंड दिवसांत पडते. युरोपातला वेल उन्हाळ्यात जे करतो ते आपला वेल हिवाळ्यात करतो. नाशिकच्या द्राक्षाची थंडी ही अशी छाटणीच्या तारखेने मिळवलेली आहे. हे मला नाशिकच्या वाइनमधले सर्वांत मोठे कौशल्य वाटते, आणि ते कारखान्यात येण्याच्या कितीतरी आधी, कात्री हातात धरलेल्या माणसाने दाखवलेले असते.

ही रीत वाइनसाठी शोधलेली नाही. नाशिकच्या खाण्याच्या द्राक्षांनी ती कधीच रुजवली होती. ओझरच्या रावसाहेब जयराम कृष्णा गायकवाड यांनी १९२५ च्या सुमाराला त्या भागात द्राक्षलागवडीला सुरुवात केली असे मानले जाते. दख्खनचा द्राक्षवेल आडमुठा आहे, तो वर्षातून एकदाच फळायला तयार नसतो, हे तर त्याहून कितीतरी आधी माहीत होते. चौदाव्या शतकात दौलताबादला आलेल्या इब्न बतूता या प्रवाशाने तिथल्या द्राक्षांना आणि डाळिंबांना वर्षातून दोन बहर येतात, अशी नोंद करून ठेवली आहे. आजचा शेतकरी छाटण्या दोन करतो आणि पीक एकच घेतो. तो एक बहर जाणूनबुजून सोडून देतो, कारण पावसात पिकलेले द्राक्ष कुजते.

आता रात्रीविषयी. डिसेंबर-जानेवारीत नाशिकला दुपारी २८-२९ अंश असतात आणि पहाटे १० च्या आसपास. निफाड तालुका त्याहून गार. हिवाळ्यात वर्तमानपत्रांत 'निफाड गारठले' अशी बातमी येते, त्यातला आकडा कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातून आलेला असतो. दिवस आणि रात्र यांच्यातला हा फरक द्राक्षाला फार मानवतो. दिवसा ऊन मिळते म्हणून साखर तयार होते. रात्री गारवा मिळतो म्हणून मण्यातले मॅलिक आम्ल जळून जात नाही. आम्ल टिकले की वाइनला तरतरी येते. ते गेले की वाइन गोडसर, मंद, जिभेवर बसणारी होते. थंड प्रदेशाच्या वाइनचे जे कौतुक होते ते मुख्यतः या तरतरीचे आहे.

एक अडचण मात्र नाशिकची कायमची आहे. फ्रान्समध्ये द्राक्ष पिकते तेव्हा दिवस थंड होत चाललेले असतात, म्हणून पिकणे सावकाश होते. नाशिकला नेमके उलटे. मणी पिकायला लागतो आणि उन्हाळा चढू लागतो. फेब्रुवारीच्या अखेरीस रोज तापमान वाढते, रोज आम्ल घसरते. तोडणी चार दिवस लांबली तर वाइनचा स्वभाव बदलतो. म्हणून पांढऱ्या वाइनची द्राक्षे जानेवारीपासूनच उतरवायला घेतात, आणि तोडणी उजाडताना, घड गार असतानाच उरकायचा प्रयत्न असतो. बुडबुड्यांच्या वाइनला तर आणखी लवकर, साखर कमी आणि आम्ल भरपूर असतानाच घड काढतात. मार्च उजाडेपर्यंत राहतात ती शिराझ, कॅबरने सोव्हिन्यों अशी काळी, जाड सालीची द्राक्षे. नाशिकमध्ये शेनिन ब्लाँ आणि सोव्हिन्यों ब्लाँ या पांढऱ्या वाइन सहसा सरस निघतात असे माझे मत आहे, आणि त्याचे कारण हेच की त्या उन्हाच्या आधी सुटतात.

प्रश्न : महाबळेश्वरला आणि द्रोणागिरीला का नाही?

उत्तर : महाबळेश्वर १,३५० मीटरवर आहे, नाशिकच्या दुपटीहून उंच. थंडी तिथे नक्कीच जास्त, म्हणून तर स्ट्रॉबेरी पिकते. पण तिथे वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. धुके उतरले की दिवसच्या दिवस पाने वाळत नाहीत. द्राक्षवेलीचे दोन शत्रू शेतकऱ्याच्या तोंडी रोज असतात, डाऊनी आणि भुरी. दोन्ही बुरशीचे रोग. पान ओले राहिले की डाऊनी पसरते, दमट सावलीत भुरी. महाबळेश्वर म्हणजे या दोघींचे माहेरघर झाले असते. स्ट्रॉबेरीचे रोप पावसाळ्यानंतर लावून उन्हाळ्याच्या आत उरकता येते. द्राक्षाचा वेल वर्षानुवर्षे जागेवर उभा असतो, त्याला चारही महिने तो पाऊस अंगावर घ्यावा लागतो.

सह्याद्रीचा वाइनला होणारा खरा उपयोग इथे लक्षात येतो. तो थंडी देण्यापेक्षा पाऊस अडवतो. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून जेमतेम ४५ किलोमीटर पुढे नाशिक शहरात ७०० च्या आसपास. घाटमाथ्याने ढग पिळून घेतले की पलीकडे उरते ती कोरडी हवा, हलकी मुरमाड जमीन आणि धरणांत साठलेले पाणी. गंगापूर, मुकणे, करंजवण या धरणांच्या आसपासच बागा का दिसतात, हे त्यावरून कळेल.

उरणचे उत्तर याच्याच पुढचे आहे. आपल्याकडे पाऊस दोन हजार मिलिमीटरहून जास्त, हवा बाराही महिने दमट, आणि समुद्र शेजारी असल्यामुळे दिवस-रात्रीच्या तापमानात नाशिकसारखा मोठा फरक पडतच नाही. खारी हवा वेगळीच. द्रोणागिरीवर वेल जगेल, पाने येतील, कदाचित चार आंबट घडही लागतील. पण बाग होणार नाही. भातखाचरे, मिठागरे आणि मासळी ही उरणची पिके आहेत.

प्रश्न : उरणचा वाइनशी जुना संबंध?

उत्तर : आहे, आणि तो दोन हजार वर्षांचा आहे. घारापुरी उरण तालुक्यातच येते. तिथल्या मोराबंदराच्या किनाऱ्यावर अँफोरा नावाच्या घटांचे तुकडे सापडले आहेत. दोन कानांचे, निमुळत्या तळाचे हे मातीचे घट भूमध्य समुद्राकडून जहाजांनी येत आणि त्यांत बहुधा वाइन असे. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक नाविक-पुस्तिकेत भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे. तिच्यात वाइन आहे, आणि त्यातही इटलीच्या वाइनला जास्त मागणी असल्याचे म्हटले आहे. कल्याणचाही उल्लेख त्याच पुस्तिकेत येतो.

एकोणिसाव्या शतकातले उरण वेगळ्या कारणाने प्रसिद्ध होते. मोहाच्या फुलांची दारू गाळणाऱ्या भट्ट्या इथे होत्या, त्या मुख्यतः पारशी मालकांच्या होत्या आणि मुंबई शहराला लागणारी देशी दारू इथून खाडी ओलांडून जात असे. आता २६ मे १९८९ रोजी सुरू झालेल्या आपल्या न्हावा शेवा बंदरातून द्राक्षे त्या अँफोरांच्या नेमकी उलट दिशेला, युरोपला जातात. तुम्हाला दिसणाऱ्या कंटेनरांत मात्र खाण्याची द्राक्षे असतात. मोठा, लांबट, बिनबियांचा, पातळ सालीचा मणी. वाइनचे द्राक्ष लहान, गोल, बियांचे आणि जाड सालीचे असते, कारण रंग आणि चव सालीत असते. ते ताजे कुठे पाठवत नाहीत, तोडल्या दिवशीच दाबायला घेतात.

प्रश्न : मग जावे का, आणि कधी?

उत्तर : जरूर जावे, आणि जानेवारीचा मध्य ते मार्चचा पहिला आठवडा याच काळात जावे. पावसाळ्यात डोंगर हिरवेगार दिसतात, गंगापूरचे पाणी तुडुंब असते, छायाचित्रे सुंदर येतात. पण त्या दिवसांत वेलीवर घड नसतो आणि कारखान्यात टाक्या शांत असतात. एप्रिल-मेमध्ये गेलात तर खरड छाटणी झालेली, नुसती खोडे उभी. तुमच्या पत्रातली जिज्ञासा पाहता तुम्हाला चालू कामच पाहायला हवे. फेब्रुवारीच्या सुरुवातीच्या सुमाराला सुला या वाइन कंपनीचा संगीतमहोत्सव असतो. २००८ साली सुरू झालेला हा महोत्सव करोनानंतर थांबला होता, तो २०२५ मध्ये पुन्हा झाला. तरुणांना तो आवडतो, पण तुम्ही त्या तारखा टाळा. गर्दीत बाग दिसत नाही. शनिवार-रविवारही टाळता आला तर उत्तम.

उरणहून रेल्वेने जाणे आता सोपे आहे. १२ जानेवारी २०२४ रोजी लोकल उरणपर्यंत आली. नेरुळला गाडी बदलून ठाण्याला जायचे आणि तिथून नाशिक रोडची गाडी धरायची. सकाळी तपोवन एक्स्प्रेस आहे. दिवसाउजेडी जा, कारण कसाऱ्यानंतरचा थळ घाट बघण्यासारखा आहे. १८६५ पासून वापरात असलेल्या या मार्गावर ३७ फुटांना १ फूट असा चढ आहे. कसारा ते इगतपुरी एवढ्या छोट्या अंतरात तुम्ही सुमारे ३०० मीटर वर चढता आणि कोकणातली हवा मागे पडते. रस्त्याने जायचे तर कळंबोली, मुंब्रा वळणरस्ता, भिवंडी असे जाऊन आमणेला समृद्धी महामार्ग पकडता येतो. इगतपुरी ते आमणे हा त्याचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. त्यात सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा आहे, त्यामुळे घाट कधी ओलांडला ते कळतही नाही. वेळ वाचतो, पण माझे ऐकाल तर जाताना तरी जुन्या कसारा घाटाने जा. ज्या डोंगराने पाऊस अडवला, तो डोळ्यांनी पाहिला पाहिजे.

प्रश्न : कोणत्या बागा पाहाव्यात?

उत्तर : सगळ्यांची सुरुवात गोवर्धन गावच्या सुलापासून होते, आणि ते योग्यच आहे. अमेरिकेतली नोकरी सोडून आलेल्या राजीव सामंत यांनी नव्वदच्या दशकात कुटुंबाच्या जमिनीवर इथे वाइनची द्राक्षे लावली. कॅलिफोर्नियाच्या सोनोमा भागातले केरी डॅमस्की हे वाइनतज्ज्ञ त्यांच्या मदतीला आले आणि २००० साली पहिली वाइन बाजारात आली. कंपनीचे नाव आईच्या, सुलभा या नावावरून. २००५ साली त्यांनी लोकांना बागेत बोलावून चव देण्यासाठी दालन उघडले, तिथून आपल्याकडे वाइन-पर्यटन रुजले. त्याच रस्त्यावर पुढे गंगावऱ्हेला यॉर्क आहे, आता सुलाच्याच मालकीची, पण लहान आणि शांत. तिच्या गच्चीवरून धरणाचे पाणी दिसते.

मला विचाराल तर दोन दिवस जाणार असाल तर त्यातला अर्धा दिवस तुम्ही इगतपुरीच्या बाजूला द्या. घोटीवरून आत सांजेगाव-कावनईच्या परिसरात मुकणे धरणाच्या काठाने व्हॅलोने आणि ग्रोव्हर झांपा या दोन वाइनरी आहेत. कावनईचा किल्ला समोर, घाटमाथ्याचा वारा, आणि बागेच्या टोकाला उभे राहिलात की पश्चिमेला पावसाचा मुलूख आणि पूर्वेला कोरडा मुलूख यांची सीमा जवळजवळ पायाखाली आहे हे जाणवते. डोंगराळ वाइन प्रदेश म्हणून ज्याची तुम्ही कल्पना केली आहे, त्याच्या सर्वांत जवळ जाणारी ही जागा. निफाडकडे जायला जमले तर कुंदेवाडीची रेव्हिलो पाहा. थंडीच्या बातमीतले तेच कुंदेवाडी. तिथे नीरो दाव्होला, ग्रिलो अशा इटलीच्या, सिसिली बेटावरच्या जाती लावल्या आहेत. उन्हात वाढलेल्या जाती उन्हाच्या मुलखात आणायच्या, हा विचार मला फार शहाणपणाचा वाटतो. फ्रान्सच्या थंड भागातल्या जातींमागे धावण्यापेक्षा नाशिकने या दिशेने अधिक जावे. कुठेही जाण्याआधी फोन करून वेळ ठरवा, सगळीकडे रोज पाहुणे घेत नाहीत.

आता तुमच्या सौभाग्यवतींविषयी. वाइन न घेणाऱ्या माणसाला तिथे काय, हा प्रश्न मला अनेक जण विचारतात. चव घेण्याचे सत्र पाऊण तासाचे. बाकीचा सगळा वेळ बाग आणि कारखाना पाहण्याचा, आणि त्यासाठी पेला हातात धरावा लागत नाही. शेजारी-शेजारी असलेल्या खाण्याच्या आणि वाइनच्या बागांत फिरा आणि मांडवातला फरक पाहा. खाण्याच्या द्राक्षांना डोक्यावर पसरलेला मांडव किंवा वाय आकाराचा आधार असतो, जेणेकरून घड सावलीत लोंबावा. वाइनच्या वेली कमरेएवढ्या उंचीवर तारांना बांधून भिंतीसारख्या उभ्या वाढवतात. खाण्याच्या बागेत बायका कात्रीने विरळणी करतात. प्रत्येक घडातले जास्तीचे मणी कापून टाकायचे, उरलेले फुगू द्यायचे. वाइनच्या बागेत मणी फुगवायचा नसतोच. ही कामे करणारे मजूर पेठ, सुरगाणा, दिंडोरीच्या आदिवासी गावांतून आलेले असतात. त्यांच्याशी बोला. बागेविषयी ते जे सांगतील ते कारखान्याच्या मार्गदर्शकाला सांगता येणार नाही.

कारखान्यात दांड्या वेगळ्या करणारे यंत्र, फुग्याने हळूच दाबणारा प्रेस आणि पोलादी टाक्या बघा. टाकीला हात लावू दिला तर लावा. पांढऱ्या वाइनचा रस १२ ते १६ अंशांवर आंबवतात, म्हणून टाकीभोवती थंड द्रव खेळवलेला असतो. निसर्गाने जी थंडी दिली नाही ती इथे विजेवर विकत घ्यावी लागते, आणि नाशिकच्या वाइनच्या किमतीत तिचाही वाटा आहे. पायांनी द्राक्षे तुडवण्याचा कार्यक्रम पाहुण्यांसाठी असतो. हौस असेल तर करा, त्या रसाची विक्रीची वाइन होत नाही.

शेतकऱ्याला भेटलात तर त्याच्या जोखमीबद्दलही विचारा. महाराष्ट्र शासनाने २००१ साली द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क उभे राहिले, करारावर हजारो वेली लागल्या. २००८ च्या मंदीनंतर मागणी कोसळली आणि अनेकांनी उभ्या बागा उपटून टाकल्या. वाइनचे द्राक्ष बाजारात नेऊन किलोवर विकता येत नाही, घेणारा एकच असतो, त्याने पाठ फिरवली की संपले. त्यात २०१४ ची गारपीट, २०१९ चा लांबलेला पाऊस. छाटणीच्या तारखेवर उभा असलेला हा सगळा डोलारा पावसाने तारीख चुकवली की डळमळतो. उंचीवरची थंडी कुठे पळून जात नाही, तारखेची थंडी मात्र अलीकडे दरवर्षी थोडी थोडी सरकते आहे. नाशिकच्या वाइनची मला वाटणारी खरी काळजी ही आहे.

शेवटी काही व्यवहाराच्या सूचना. गाडी चालवणाऱ्याने चव घेऊ नये. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम मद्यार्काची आहे आणि चार-पाच वाइनची चव घेताना तिच्याजवळ पोहोचायला वेळ लागत नाही. चवीला मिळालेली वाइन थुंकून टाकायला भांडे ठेवलेले असते, तसे करण्यात काही कमीपणा नाही. घरी आणायची झाली तर एक बाटली शेनिन किंवा सोव्हिन्यों ब्लाँची घ्या. उरणजवळच्या करंजा बंदरातल्या ताज्या बोंबलांच्या किंवा कोलंबीच्या जेवणाबरोबर ती फार छान जाते. पांढरी वाइन ८ ते १० अंशांवर प्यायची असते आणि लालही १६ ते १८ वर. 'घरातल्या तापमानाला ठेवा' हा युरोपचा सल्ला उरणच्या ३० अंशांना लागू नाही, तेव्हा लाल बाटलीसुद्धा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावी. आणि परतीच्या प्रवासात बाटल्या गाडीच्या डिकीत ठेवू नका. कसाऱ्याखाली उतरल्यावर दुपारच्या उन्हात डिकी इतकी तापते की वाइन बिघडू शकते. पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून, ओल्या फडक्यात गुंडाळून पायाशी ठेवा.